एक मिनिट वीस सेकंदांचा युद्धकैदी

एक माणूस होता. आपल्याकडे गोष्ट अशी सुरू झाली की ऐकणारा सैलावून बसतो. पुढे राजा येणार, त्याच्या दोन राण्या येणार, एक आवडती, एक नावडती, हे त्याला ठाऊक असतं. ११ डिसेंबर १९१६ ला दुपारी चार वाजता, बर्लिनच्या दक्षिणेला चाळीसेक किलोमीटरवर व्युन्सडोर्फ इथल्या कैद्यांच्या छावणीत एका शीख सैनिकाने ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर उभं राहून हीच सुरुवात केली. राजा-राणी काही आली नाही. आलं ते लोणी.

त्याचं नाव मल्लसिंग. फिरोजपूर जिल्ह्यातला, वय पंचविशीच्या आतबाहेर. बोलला पंजाबीत, आणि सगळं मिळून एक मिनिट वीस सेकंद. मजकुराचा आशय असा: एक माणूस होता, तो हिंदुस्तानात लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो इंग्रजांच्या नोकरीत लागला. युरोपच्या लढाईत आला. जर्मनीने त्याला पकडलं. आता त्याला हिंदुस्तानात परत जायचंय. तिथे गेला तर त्याला पूर्वीसारखं खायला मिळेल. तीन वर्षं झाली. तहाची काही बातमी नाही. आणखी दोन वर्षं तो इथेच राहिला तर मरून जाईल. देवाने कृपा केली, लवकर तह झाला, तर आम्ही इथून निघून जाऊ.

एवढंच. युद्धकैद्याचं प्रकरण म्हटलं की वाचकाला भुयारं, खोटे पासपोर्ट आणि मध्यरात्रीचं पलायन हवं असतं. यातलं इथे काही नाही. एका कैद्याला बोलायला सांगितलं आणि तो बोलला. पण तो कोणापुढे बोलला, त्याला का बोलवलं गेलं आणि त्या ऐंशी सेकंदांत त्याने काय साधलं, हे उलगडायला घेतलं की पहिल्या महायुद्धातल्या हिंदी कैद्याची सगळी कोंडी समोर येते.

फ्रान्स ते व्युन्सडोर्फ

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटनकडे तयार फौज थोडी होती. हिंदुस्तानातून लाहोर आणि मीरत या दोन डिव्हिजन निघाल्या. लाहोर डिव्हिजनची पहिली तुकडी २६ सप्टेंबरला मार्सेय बंदरात उतरली आणि ऑक्टोबर संपायच्या आत ही माणसं बेल्जियम-फ्रान्सच्या सीमेवरच्या चिखलात होती. अंगावर पातळ सुती खाकी, समोर युरोपातला हिवाळा.

या फौजेत आपल्या खडकीचीही माणसं होती. बॉम्बे सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या. २८ ऑक्टोबर १९१४ ला नव शापेल या गावावर त्यांना पायदळ म्हणून ४७ व्या शीख पलटणीबरोबर धाडलं गेलं. पूल बांधणारी, सुरुंग लावणारी ही माणसं संगिनी लावून घरोघर लढली. संध्याकाळपर्यंत या कंपन्यांचे जवळजवळ सगळे अधिकारी आणि एक तृतीयांशाच्या आसपास जवान कामी आले किंवा जखमी झाले. डिसेंबरात जिव्हाँशीजवळ जर्मनांनी खंदकांखाली सुरुंग उडवले आणि मागोमाग हल्ला केला. अशा गोंधळांत, जखमी अवस्थेत, मागे जायची वाट तुटल्यावर, हिंदी सैनिक जर्मनांच्या हाती लागत गेले. त्यांची संख्या फार मोठी नव्हती. युद्ध संपताना जर्मनीच्या ताब्यात चोवीस-पंचवीस लाख कैदी होते; त्या दर्यात हिंदी म्हणजे काही शेकड्यांचा ओघळ.

मल्लसिंगाने हे सगळं तीन छोट्या वाक्यांत उरकलं. नोकरीत लागला, लढाईत आला, पकडला गेला. कोणती पलटण, कोणता खंदक, किती गोळ्या, काही नाही. लढाईला त्याने लोण्यापेक्षा कमी जागा दिली. सैनिकांच्या आठवणी छापणाऱ्यांना हे प्रमाण उलटं हवं असतं. मला मात्र त्याचंच खरं वाटतं.

चंद्रकोरीची छावणी

व्युन्सडोर्फच्या छावणीला जर्मन लोक हाल्बमोंडलागर म्हणत, म्हणजे अर्धचंद्राची छावणी. नावातच तिचा हेतू होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानाने ब्रिटन, फ्रान्स आणि रशियाविरुद्ध जिहाद पुकारला. जर्मनी तुर्कांचा दोस्त. मग मोरोक्को-अल्जीरियाचे फ्रेंच फौजेतले मुसलमान, रशियन फौजेतले तातार, ब्रिटिशांचे हिंदी मुसलमान असे जे कैदी हाती येत, त्यांना वेगळं ठेवायचं, बरं वागवायचं आणि फिरवून आपल्या बाजूने लढायला पाठवायचं, अशी योजना बर्लिनच्या परराष्ट्र खात्याच्या आधाराने आखली गेली. तिच्यामागचा मुख्य डोक्याचा माणूस माक्स फॉन ओपेनहाइम. त्यासाठी बांधलेली ही छावणी. १३ जुलै १९१५ ला, रमजान लागतानाच, तिथे लाकडी मशीद उघडली. जर्मन भूमीवरची ती पहिली वापरातली मशीद, आणि तीही तारेच्या कुंपणात!

हिंदी कैद्यांचा भाग निराळा होता. त्यात मुसलमान होते तसे शीख, गुरखे आणि इतर हिंदूही होते. त्यांच्यावर जिहादाची मात्रा चालणार नव्हती म्हणून त्यांच्यासाठी दुसरं औषध होतं: राष्ट्रवाद. ते पाजायला बर्लिनमध्ये हिंदी क्रांतिकारकांची समिती होती. तिच्यात सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, विवेकानंदांचे धाकटे भाऊ भूपेंद्रनाथ दत्त, चंपकरामन पिल्लै असे लोक होते. छावणीत वाटायला ‘हिंदोस्तान’ नावाचं पत्र हिंदीत आणि उर्दूत निघे. विदर्भातले पांडुरंग खानखोजे याच मोठ्या जाळ्यातले. ते इराणच्या सरहद्दीवर ब्रिटिशांविरुद्ध फौज उभी करायच्या खटपटीत होते, आणि ती फौज हिंदी कैदी आणि पळून आलेले शिपाई यांतून उभी राहील हाच तिथलाही हिशोब होता.

हिशोब चुकला, पण अगदीच हवेतला नव्हता. मार्च १९१५ मध्ये ५८ व्या वॉन्स रायफल्सचा जमादार मीर मस्त काही आफ्रिदी साथीदारांना घेऊन रात्री जर्मन खंदकात गेला आणि पुढे काबूलला निघालेल्या जर्मन मोहिमेला उपयोगी पडला. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात त्याच्या सख्ख्या भावाने, मीर दस्तने, बेल्जियममधल्या ईप्रला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. एकाच आईचे दोन मुलगे, एकाच लढाईच्या दोन टोकांना. मात्र असे मीर मस्त थोडेच निघाले. बहुतेक कैद्यांनी व्याख्यानं ऐकली, पत्र चाळलं, जमेल तसे सणवार केले, आणि थंडीत वाट पाहत बसले.

ही दाखवण्याची छावणी होती. तिची छायाचित्रं निघत, त्यांची पोस्टकार्डं छापली जात. बोकड आपल्या पद्धतीने कापू द्यायचे, प्रार्थनेला जागा द्यायची, आणि बाहेरच्या पाहुण्यांना ते दाखवायचं. दुसऱ्या छावण्यांतल्या रशियन कैद्यांची उपासमार बघता व्युन्सडोर्फ सुखाचं होतं हे मान्य करायलाच हवं. मल्लसिंगाच्या तक्रारीचं वजन त्यामुळेच वाढतं. सर्वांत बऱ्या छावणीतला कैदी म्हणतो आहे की आणखी दोन वर्षांत इथे मरण आहे.

कर्ण्यासमोर

आता त्याला बोलवलं कोणी? प्रचार खात्याने नव्हे. प्राध्यापकांनी.

व्हिल्हेल्म डोगेन नावाच्या बर्लिनच्या एका शाळामास्तराला जगातल्या सगळ्या लोकांच्या आवाजांचं संग्रहालय करायची ओढ होती. युद्धाने त्याचं काम सोपं केलं. ज्या लोकांचा आवाज टिपायला आफ्रिका-आशियाभर हिंडावं लागलं असतं ते सगळे सरकारी खर्चाने जर्मनीत आणून कोंडलेले होते. १९१५ मध्ये कार्ल श्टुम्फ यांच्या अध्यक्षतेखाली प्रशियाचं शाही ध्वनिमुद्रण मंडळ नेमलं गेलं. १९१८ पर्यंत त्याने तीसहून जास्त छावण्यांत जाऊन १,६५० तबकड्या आणि १,०२२ मेणाचे दंडगोल भरले. सुमारे अडीचशे भाषा आणि बोली.

हिंदी भाषांचं काम होतं हाइन्रिख ल्यूडर्स यांच्याकडे. हे नाव महाराष्ट्रातल्या लेण्यांवर काम करणाऱ्याला परकं नाही. ब्राह्मी शिलालेखांची त्यांनी केलेली यादी १९१२ मध्ये निघाली. कार्ले, नाशिक, जुन्नर, कान्हेरी इथल्या लेखांचे जे ‘ल्यूडर्स क्रमांक’ अभ्यासक आजही देतात ते तिच्यातले. सातवाहनांच्या काळच्या दानपत्रांतली प्राकृत अक्षरं लावणारा हा माणूस १९१६ च्या हिवाळ्यात फिरोजपूरच्या जिवंत माणसाची पंजाबी लावत होता. विद्वान म्हणून त्याला दोन्हीत एकच रस होता: भाषा.

पद्धत ठरलेली होती. आधी एक छापील तक्ता भरायचा. नाव, जन्मगाव, आईबाप कुठले, शिक्षण, धंदा, धर्म, वाचता येतं का, गाता येतं का, कोणतं वाद्य वाजवतो. आवाज कसा आहे याचाही शेरा. मजकूर आधी ठरवून कागदावर उतरायचा, त्याचा सराव करायचा, मग कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून न अडखळता म्हणायचा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणात खोदत जाई, म्हणून डोकं हललं की नोंद बिघडली. डोगेन कैद्याचं डोकं हाताने धरून कर्ण्याकडे वळवतो आहे, असं एक छायाचित्र उरलं आहे. मदत म्हणून बघायचं की जबरी म्हणून, हे बघणाऱ्यावर आहे. मला त्या हातात शाळामास्तर दिसतो. कुठलीही हिंसा न करता मुलाचं डोकं पाटीकडे वळवणारा, आणि मूल उठून जाऊ शकत नाही हे गृहीत धरणारा.

कोण काय बोललं? कोणी आकडे मोजले, कोणी गाणं म्हटलं. भवनसिंग नावाच्या एका कैद्याने भुतांविषयी सांगितलं: माणूस मेला की भटकत राहतो, भूत होतो, आत्मा वाऱ्यासारखा सगळीकडे जातो. इंग्रज कैद्यांकडून बायबलातला उधळ्या पुत्राचा दृष्टांत वारंवार म्हणवून घेतला गेला, कारण एकच मजकूर निरनिराळ्या बोलींत असला की तुलना सोपी. ग्रियर्सन यांनी केलेल्या हिंदुस्तानातल्या भाषांच्या पाहणीतही मराठीसह आपल्या भाषांचे नमुने याच दृष्टांतावर गोळा झाले. परमुलखात उपाशी मरणारा मुलगा, बापाच्या घरी पोटभर भाकर आहे हे आठवून परत निघतो. कैद्यांच्या छावणीत हा मजकूर म्हणायला लावताना कोणाला काही वाटलं की नाही, कोण जाणे. मल्लसिंगाला तो दिला नव्हता. तरीही त्याने जे सांगितलं ते जवळजवळ तेच होतं.

मंडळापाठोपाठ मोजमापवालेही आले. एगोन फॉन आइकश्टेट या तरुण मानववंशशास्त्रज्ञाने शीख कैद्यांची डोकी, नाकं, उंची मोजून त्यावर प्रबंध केला. पुढे नाझी काळात हाच गृहस्थ वंशशास्त्राचा मोठा अधिकारी ठरला. आवाजाच्या तबकडीत निदान माणूस काही बोलतो. नाकाच्या मापात बोलायची सोय नसते.

लोणी

आता त्या लोण्याकडे.

पहिला अर्थ सरळ आहे. पंजाबच्या शेतकऱ्याच्या पोराला घरचं खाणं आठवतं. पण तारीख बघा: डिसेंबर १९१६. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची नाकेबंदी केली होती आणि त्या वर्षी बटाट्याचं पीक बुडालं. जर्मन इतिहासात हा हिवाळा सलगमचा हिवाळा म्हणून ओळखला जातो, कारण एरवी गुरांना घालायचा सलगमच्या जातीचा कंद माणसं खाऊ लागली. पावात बटाट्याचं पीठ मिसळलं जाई. लोण्यावरून तर १९१५ च्या ऑक्टोबरातच बर्लिनमध्ये बायकांनी दुकानांवर दंगे केले होते. म्हणजे कर्ण्यापलीकडे उभा असलेला प्रोफेसर घरी जाऊन जे खाणार होता त्यातही लोणी असेल-नसेल. आणि हा कैदी त्याच्या तोंडावर सांगतो, हिंदुस्तानात तो माणूस लोणी खायचा.

कायद्याने बघितलं तर १९०७ च्या हेग कराराच्या सातव्या कलमानुसार कैद्याला अन्न, निवारा आणि कपडे पकडणाऱ्याच्या स्वतःच्या सैनिकांइतकेच द्यायचे होते. युद्धकैद्यांच्या जेवणाचं सगळं गौडबंगाल या ‘इतकेच’मध्ये आहे. ज्यांचे स्वतःचे लोक सलगम खातायत त्यांचा कैदीही सलगम खाणार, आणि करार मोडला असं कोणाला म्हणता येणार नाही. शिवाय करारात कॅलरी मोजता येतात, सवय मोजता येत नाही. गव्हाची रोटी, दही, तूप यांवर वाढलेल्या शरीराला राय आणि बटाट्याचा आंबट पाव हा उपासच. लंडनमधून हिंदी सैनिकांसाठी काढलेल्या निधीतून कैद्यांना खाण्याची पार्सलं जात. ती आली की थोडे दिवस बरे जात.

थंडी आणि क्षय यांनी कैदी खंगत होते. तेव्हा ‘दोन वर्षांत मरेल’ हे वाक्य विलाप म्हणून ऐकू नये. छावणीत आजूबाजूला पाहून केलेला तो अंदाज होता.

तीन वर्षं आणि एक दिवस

मल्लसिंग म्हणतो तीन वर्षं झाली. युद्ध सुरू होऊन तेव्हा दोन वर्षं चार महिने झाले होते. चूक? मला वाटत नाही. १४ साल, १५ साल, १६ साल. खेड्यातला माणूस काळ असाच मोजतो. पोराला ‘तिसरं लागलं’ म्हणतो. कैदेत हा हिशोब आणखी लांबतो, कारण शिक्षा झालेल्या माणसाला सुटकेची तारीख असते, युद्धकैद्याला नसते. त्याची मुदत दुसरीकडे कुठेतरी, त्याला न दिसणाऱ्या टेबलावर ठरते.

आणि तहाची बातमी नाही, हे तो ११ डिसेंबरला म्हणाला. १२ डिसेंबरला जर्मन चान्सेलर बेटमान-होल्वेग यांनी संसदेत उभं राहून शत्रूराष्ट्रांपुढे वाटाघाटींचा प्रस्ताव ठेवला. एका दिवसाचं अंतर! सहा दिवसांपूर्वीच जर्मनांनी रुमानियाची राजधानी बुखारेस्ट घेतली होती आणि त्या जोरावर ही चाल होती. महिना संपता संपता दोस्तांनी ती झिडकारली. छावणीत त्या तीन आठवड्यांत काय कुजबुज झाली असेल याची कल्पना कोणीही करू शकतो. शेवटी युद्धबंदी झाली ११ नोव्हेंबर १९१८ ला. मल्लसिंगाने दिलेली दोन वर्षांची मुदत भरायला बरोबर एक महिना बाकी होता.

तिऱ्हाईताची भाषा

या प्रकरणातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट व्याकरणातली आहे. मल्लसिंग स्वतःविषयी बोलतोय, यात शंका नाही. पण तो ‘मी’ म्हणत नाही. एक माणूस, तो माणूस, त्याला, त्याचं. शेवटच्या वाक्यात मात्र एकदम ‘आम्ही’ येतो.

असं का? एक शक्यता अशी की प्राध्यापकांनी गोष्टच मागितली होती आणि गोष्ट अशीच सुरू होते. असेल. पण माणूस कोणापुढे बोलत होता तेही पाहिलं पाहिजे. समोर जर्मन विद्वान, मागे पहारा, आजूबाजूला सोबती, आणि ही तबकडी पुढे कुठे वाजेल याचा नेम नाही. जर्मनांबद्दल वाईट बोलावं तर इथे राहायचं आहे. इंग्रजांबद्दल वाईट बोलावं तर परत जाऊन त्यांच्याच अमलात जगायचं आहे, पेन्शन आहे, गावात जमीन आहे. अशा वेळी तिऱ्हाईत माणूस मदतीला येतो. जे झालं ते त्याचं झालं, मी फक्त सांगतो.

ही युक्ती हिंदी शिपायांना नवी नव्हती. फ्रान्समधून घरी जाणारी त्यांची पत्रं ब्रिटिश अधिकारी उघडून वाचत, भाषांतर करून त्यांचे उतारे वर पाठवत. ते कळल्यावर शिपाई काळी मिरी आणि लाल मिरची अशा शब्दांत लिहू लागले. काळी मिरी म्हणजे आपली माणसं, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी संपत आली, आता लाल वापरतायत, असं कोणी लिहिलं की गावाकडे कळे. सेन्सॉरलाही कळे, म्हणून तर ते उतारे आपल्यापर्यंत आले. आपल्याकडे लेकी बोले सुने लागे म्हणतात, त्यातलाच प्रकार, फक्त इथे सुनेच्या हातात बंदूक होती.

आणि गंमत अशी की ही युक्ती छावणीत लागू पडली. हिंदी कैदी इथे किती सुखात आहेत हे दाखवायला चालवलेल्या छावणीत, सरकारी मंडळाने, सरकारी तबकडीवर, ‘इथे राहिला तर मरेल’ हे वाक्य स्वतःच्या हाताने कोरून जपून ठेवलं. मजकूर आधी तपासला होता, तरी कोणी अडवला नाही. कारण त्या खोलीतल्या माणसांना हवा होता तो पंजाबीचा ध्वनी. क्रियापद कुठे येतं, स्वर कसा चढतो, ‘घ’ आणि ‘ध’ यांचं काय होतं. अर्थ हा त्यांच्या लेखी नमुन्याबरोबर आलेला भुसा. ज्याला ते भुसा समजले तेच आज आपण ऐकतो. मल्लसिंगाला हे कळलं होतं का? पुरावा देता येत नाही. पण ज्याने शेवटच्या वाक्यापर्यंत ‘तो’ धरून ठेवला आणि देवाचं नाव आल्यावरच ‘आम्ही’ म्हटलं, त्याला अगदीच भोळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे काय झालं

१९१७ च्या वसंतात बहुतेक हिंदी कैद्यांना व्युन्सडोर्फहून रुमानियाला हलवलं गेलं. हवा जरा मवाळ, मुलूख जर्मनांनी नुकताच जिंकलेला. प्रचाराची सगळी मेहनत एव्हाना गुंडाळल्यात जमा होती. जिहादासाठी बांधलेली मशीद १९२० च्या दशकात पाडली गेली. जवळच त्सेरेन्सडोर्फच्या माळावर हिंदी कैद्यांची दफनभूमी राहिली, तिथे २०६ जणांची नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर हा सगळा टापू सोव्हिएत फौजेचा तळ झाला. १९९४ मध्ये ती फौज गेल्यावर आणि नव्या शतकात डागडुजी झाल्यावरच तिथे माणसं पुन्हा जाऊ लागली. तबकड्या बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात पडून होत्या. गेल्या वीसेक वर्षांत एका माहितीपटामुळे आणि काही अभ्यासकांमुळे मल्लसिंगाचा आवाज पुन्हा ऐकू आला. ब्रिटिश वसाहतींतल्या कैद्यांच्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतही आहेत.

१९२९ च्या जिनिव्हा कराराने कैद्यांना हिंसेपासून आणि अपमानापासून संरक्षण दिलं, तसंच लोकांच्या कुतूहलापासूनही. शब्द नेमका आहे: कुतूहल. व्युन्सडोर्फमध्ये कैद्यांना सोसावं लागलं त्यात हेही होतं. आणि आपण आज ते ऐकतो ते कशापोटी, हाही प्रश्न मग टाळता येत नाही.

मराठी वाचकाला पहिल्या महायुद्धातली कैद आठवली तर ती जर्मनीतली आठवत नाही, आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराची आठवते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. तिथेही प्रश्न अन्नाचाच. धान्य संपलं, घोडे कापले, आणि हिंदी शिपाई कितीतरी दिवस घोड्याचं मांस तोंडात घेईनात. शेवटी हिंदुस्तानातून धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवावी लागली. २९ एप्रिल १९१६ ला ती फौज तुर्कांच्या हाती पडली, सुमारे १३,००० माणसं. वाळवंटातून चालवत नेलेल्यांतले पुष्कळ वाटेतच गेले. उरलेल्या हिंदी कैद्यांतल्या अनेकांना रास-अल-ऐनजवळ बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. ती रेल्वे जर्मन इंजिनियरांची. तिथे कोणी कर्णा घेऊन गेलं नाही. त्यामुळे सातारा-कोल्हापूरच्या कैद्याने एक मिनिट वीस सेकंदांत काय सांगितलं असतं हे आपल्याकडे नाही.

कोकणात आणि देशावर बऱ्याच गावांत, चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत, एक दगडी पाटी असते. या गावातून इतकी माणसं १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोनच आकडे. पकडले जाऊन, मोजले जाऊन, सलगम खाऊन जे परत आले ते पहिल्या आकड्यात मिसळून गेलेले असतात.